बसवलेली रीडिंग्ज

फार्मसी कॉलेजात संशोधन हवं की नको, या वादानं सध्या नाशकात चांगलाच रंग धरला आहे. स्टाफरूममध्ये, पेपर तपासणीच्या कॅपला, कॉलेज रोडवर चहा घेताना, दोन फार्मसीवाले मास्तर भेटले की तिसऱ्या वाक्याला गाडी तिथेच येते. एक गट म्हणतो, बंद करा हे थोतांड. खासगी कॉलेजातली पीएच.डी. म्हणजे बढतीची पायरी, पेपर म्हणजे पैसे भरून छापून घेतलेली चार पानं. मास्तरांनी शिकवावं, संशोधन मोहालीच्या नायपरनं नाहीतर पुण्याच्या एनसीएलनं करावं. दुसरा गट म्हणतो, उलट वाढवा. एनआयआरएफच्या राष्ट्रीय क्रमवारीत वर सरकायचं, नॅकच्या मूल्यांकनात गुण मिळवायचे, तर माणशी इतके पेपर आणि वर्षाला इतकी पेटंटं हवीतच. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादीही गुंडाळली. तेव्हा पहिला गट म्हणाला, 'बघा, आम्ही काय म्हणत होतो!' आणि दुसरा म्हणाला, 'आता उरलासुरला दर्जाही गेला.' हमरीतुमरीवर येऊन भांडणारी ही मंडळी एका बाबतीत मात्र एकमतानं बोलतात, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. संशोधन म्हणजे काहीतरी नवं काढणं, हे दोघांनीही धरूनच चाललेलं असतं.

मी अकरा वर्षं अंबडच्या एका औषध कारखान्यात क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, काढली आणि त्यानंतर शिकवायला आलो. त्यामुळे माझं मत थोडं कारखान्याच्या वासाचं आहे, ते आधीच सांगून टाकतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या फार्मसी कॉलेजात संशोधन राहिलंच पाहिजे. किंबहुना ते पीएच.डी.च्या खोलीतून खाली उतरून बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत आलं पाहिजे. पण त्यावरची 'नव्या'ची सक्ती उठवायला हवी. जे औषध या जिल्ह्यात विकलं जातं, ठेवलं जातं, गिळलं जातं, ते नीट मोजायचं आणि मोजल्यावर जे आलं ते तसंच लिहून ठेवायचं, एवढं काम आमच्या प्रयोगशाळांनी दहा वर्षं केलं तरी आजवरच्या सगळ्या पेपरांपेक्षा जास्त होईल.

आज काय चालतं ते आधी पाहू. एम. फार्म.च्या प्रबंधांचं कपाट उघडा. शंभरातल्या पुष्कळ प्रबंधांच्या पाठीवर 'फॉर्म्युलेशन अँड इव्हॅल्युएशन ऑफ' एवढं सारखं असतं आणि पुढची जागा फक्त बदलते. औषध तेच, पॉलिमर दुसरा. पॉलिमर तोच, औषध दुसरं. जेल झालं की इमल्जेल, इमल्जेल झालं की नॅनोजेल. अंगणातल्या कुठल्याही झाडाचा पाला आणायचा, अर्क काढायचा, उंदराच्या पंजाला कॅराजीनन टोचून सूज आणायची, मग ती सूज उतरली असं दाखवायचं. नाशिक जिल्ह्यातली पिंपळ, कडुनिंब, शेवगा, टाकळा अशी एकही वनस्पती सुटलेली नसावी, आणि यांतलं एकही औषध माझ्या माहितीत दुकानाच्या फळीवर आलेलं नाही. मध्यंतरी उंदरांची परवानगी मिळवणं कटकटीचं झालं, तेव्हापासून संगणकावरचं डॉकिंग, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनावर बसतो का ते पाहणं, आलं. त्यात निदान जीव जात नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. आणि एचपीएलसी? औषधातले घटक वेगळे करून मोजणारं ते यंत्र बऱ्याच ठिकाणी शिवून घेतलेल्या कव्हराखाली शांत झोपलेलं असतं. तपासणीची कमिटी यायची असली की आदल्या दिवशी कव्हर निघतं, स्क्रीन पुसला जातो आणि एखादा जुना क्रोमॅटोग्राम उघडून ठेवला जातो.

पहिल्या गटाचा राग यावरच आहे आणि तो मला मान्य आहे. पण हा आजार 'संशोधन' नावाच्या अवयवाचा आहे का, हे पाहण्यासाठी एक प्रसंग सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमचं डिसोल्युशनचं, म्हणजे गोळीतलं औषध किती विरघळतं ते मोजायचं, यंत्र बिघडलं, म्हणून माझ्या विद्यार्थ्यांच्या गोळ्या घेऊन मी दुसऱ्या एका कॉलेजात गेलो होतो. आमच्या आधी तिथल्याच एका मुलीचा नंबर होता. एम. फार्म.चं दुसरं वर्ष, सबमिशन तोंडावर. सहा काचेची भांडी, प्रत्येकात ९०० मिलिलिटर द्रव, ३७ अंश तापमान, मिनिटाला ५० फेरे घेणारी पात्यांची रांग. तिनं स्वतः पंच केलेल्या सहा गोळ्या एकेक मिनिटाच्या अंतरानं सोडल्या, तिसाव्या मिनिटाला प्रत्येक भांड्यातून पिपेटनं नमुना काढला, गाळला, त्यात किती औषध उतरलं ते यूव्हीच्या यंत्रावर वाचलं. पाच भांड्यांची उत्तरं ८८ ते ९३ टक्क्यांच्या मधे. सहाव्याचं ६१. तिनं पुन्हा वाचलं. ६१. ती गाइडकडे वही घेऊन गेली. ते खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "सहावं काढून टाक आणि नव्वदच्या आसपास बसव. पुढचे लोक खोळंबलेत." पुढचा म्हणजे मी. तिनं ६१ वर व्हाइटनर लावला, फुंकर घालून वाळवला आणि त्यावर ८९.७ लिहिलं. दशांश चिन्हानंतरचा तो ७ मला अजून आठवतो. खोट्याला सुद्धा नीटनेटकेपणा लागतो.

त्या गाइडला मी वाईट म्हणणार नाही. आठवड्याला अठरा तास, त्यात मे-जूनमध्ये गावोगाव फिरून ॲडमिशनची मुलं गोळा करायचं टार्गेट, वर प्रबंधाची तारीख. पण त्यांच्या पाठीमागच्या कपाटातच इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या प्रमाणांचं सरकारी पुस्तक, होती, आणि असं नडलेलं रीडिंग आलं तर काय करायचं ते तिच्यात स्वच्छ लिहिलेलं आहे: आणखी सहा गोळ्या घ्या. त्या बारांतही जमलं नाही तर आणखी बारा घ्या. म्हणजे सहावी गोळी चुकार निघणार, हे पुस्तकानं धरूनच ठेवलंय. ते ६१ म्हणजे त्या मुलीच्या वर्षभराच्या कामातली एकमेव बातमी होती. डायमध्ये, म्हणजे गोळीच्या साच्यात, पावडर कमी-जास्त पडत होती? गोळी जास्त दाबली गेली होती? की भांड्याच्या तळाशी पावडरीचा ढीग साचला होता? बारा गोळ्या वजन करून पाहिल्या असत्या तरी धागा हाती लागला असता. तिला संशोधन करायची संधी आली होती, ती व्हाइटनरखाली गेली.

'रीडिंग बसवणं' हा शब्दप्रयोग मराठी मुलुखातल्या कुठल्याही सायन्सच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. अकरावीच्या टायट्रेशनपासून तो ओळखीचा असतो. उत्तर आधी माहीत, मग ब्युरेटचं रीडिंग उलटं काढायचं. आलेखावरचे ठिपके रेघेवर येत नसतील तर ठिपके हलवायचे, कारण रेघ हलली तर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, गुण कापतो. ठिपके रेघेशी किती जुळतात ते सांगणारा 'आर स्क्वेअर' ०.९९९ आलाच पाहिजे. आता सांगा, हा दोष शिकवण्यातला की संशोधनातला? 'संशोधन सोडा, नुसतं शिकवा' म्हणणाऱ्यांना मी हेच विचारतो. नुसतं शिकवताना आपण काय शिकवतो? प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये चार वर्षं जे पिकतं तेच पुढे प्रबंधात आणि पेपरात उगवतं. उद्या पीएच.डी. केंद्रांना टाळं लावलं तरी बी. फार्म.च्या पहिल्या वर्षात रीडिंग बसवणं चालूच राहील. फक्त ते पकडलं जायची शेवटची जागाही जाईल.

आणि हे कॉलेजाच्या फाटकापाशी थांबत नाही. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीनं अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. आरोपांत खोटी माहिती पुरवल्याचाही आरोप होता. त्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेच्या औषध प्रशासनाची भारतीय कारखान्यांना पत्रं येत राहिली, आणि त्यांतली तक्रार बरीचशी एकाच चालीची: नापास आलेली चाचणी नोंदवली नाही, पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा केली, कच्ची नोंद फाडून टाकली. आमच्या क्यूसीत त्या काळात 'डेटा इंटिग्रिटी'ची ट्रेनिंगं सुरू झाली. मला गंमत वाटायची. तिशीतल्या केमिस्टांना आम्ही शिकवत होतो की आलेलं रीडिंग लिहायचं असतं! हे ते कुठे शिकून विसरले होते? ते शिकलेच नव्हते. उलटं मात्र गुण घेऊन शिकले होते.

आता पहिल्या गटाचं सर्वांत वजनदार म्हणणं घेऊ. ते म्हणतात, चांगलं संशोधन करायला पैसा लागतो, सवड लागते, परंपरा लागते. जिल्ह्याच्या कॉलेजाकडे यातलं काहीच नाही, मग नसत्या उठाठेवी कशाला? पैसा नाही, खरं आहे. एचपीएलसीचा एक कॉलम खराब झाला तर नवा यायला सत्र उलटतं. सवड नाही, हेही खरं. कॉलेजं भरमसाट झाली, तेही खरं: फार्मसी कौन्सिलनं (पीसीआय) २०१९ मध्ये नव्या कॉलेजांना पाच वर्षं बंदी घातली, पण नुसत्या ठरावानं कॉलेज सुरू करायचा हक्क हिरावता येत नाही म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. एवढ्या कॉलेजांना शिकवायला माणसं आणायची कुठून, हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. पण या सगळ्यावरून 'नवं औषध शोधू नका' एवढंच निघतं. 'मोजू नका' हे कसं निघतं?

या देशात फार्मसीचं शिक्षण सुरू झालं तेच मुळी मोजण्याच्या गरजेतून, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो आणि विसरतो. बाजारात परदेशी आणि देशी भेसळीच्या औषधांचा सुळसुळाट झाला होता, म्हणून १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रांची समिती नेमली गेली. तिनं देशभर फिरून १९३१ मध्ये अहवाल दिला. औषधांचा १९४० चा कायदा आणि फार्मसीचा १९४८ चा कायदा ही त्याचीच पुढची पावलं. आणि १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात केली. त्या पिढीपुढचा पहिला सवाल 'बाटलीवर लिहिलंय ते बाटलीत आहे का?' एवढा साधा होता. सर्पगंधेचं उदाहरण तर आमच्या पाला-अर्क पंथानं उशाशी घेऊन झोपावं असं. सर्पगंधा नवी नव्हती. वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या देत होते आणि बंगालच्या डॉक्टरांनी १९३१ मध्येच तिच्यावर लिहिलं होतं. मुंबईच्या रुस्तम वकिलांनी काय केलं? रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, त्यांचा दाब धीरानं मोजत राहिले, आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये जे दिसलं ते छापलं. जग जागं झालं. वनस्पती जुनी, यंत्र दवाखान्यातलं, नवी होती ती फक्त नोंद ठेवायची शिस्त.

उलट बाजूचा इतिहासही हेच सांगतो, फक्त तो रक्तानं लिहिलेला आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं गोड औषध काढलं गेलं. कंपनीनं त्याची चव पाहिली, रंगरूप पाहिलं, वास पाहिला. विषारीपणा तेवढा पाहिला नाही. ज्या द्रवात औषध विरघळवलं होतं तो डायइथिलीन ग्लायकॉल होता. शंभरावर माणसं गेली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये तोच द्रव. लेंटिन आयोग बसला, त्यानं औषध प्रशासनाची लक्तरं टांगली. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं खोकल्याचं सिरप पिऊन मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. सिरपमध्ये पुन्हा तोच डायइथिलीन ग्लायकॉल. परवानगी ०.१ टक्क्याची, सापडला चाळीस टक्क्यांहून जास्त. अठ्ठ्याऐंशी वर्षांत विष बदललं नाही. रंग नाही, चव गोड, दिसायला ग्लिसरीनसारखाच, आणि स्वस्त.

आता गंमत अशी की हा द्रव ओळखायची प्राथमिक चाचणी सिलिकाच्या पट्टीवर मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या टीएलसीनं होते. पक्कं प्रमाण काढायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो हे कबूल, पण चाळीस टक्के विष पट्टीवर लपत नाही. आणि टीएलसी आमच्याकडे कुठे आहे? बी. फार्म.च्या सातव्या सेमिस्टरच्या प्रात्यक्षिकांत. तिथे मुलं दरवर्षी टीएलसीनं साखरा वेगळ्या करतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे आहेत, हे देशभर हजारो मुलं दरवर्षी पुन्हा सिद्ध करतात, जर्नलात ठिपके काढतात आणि पट्टी कचऱ्यात टाकतात. त्याच पट्टीवर, त्याच दुपारी, कॉलेजासमोरच्या दुकानातून आणलेल्या सिरपचा एक थेंब टाकायला कुणाची हरकत आहे? सबंध जिल्ह्यातली कॉलेजं मिळून एका सत्रात किती बाटल्या तपासतील, हिशेब तुम्हीच करा. बहुतेक सगळ्या ठीकच निघतील. 'काही सापडलं नाही' हे सुद्धा आईबापांना सांगण्यासारखं संशोधन आहे.

नाशिककरांना हे नवं वाटायचं कारण नाही, कारण द्राक्षांच्या बाबतीत आपण यातून तावूनसुलाखून गेलो आहोत. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडवली गेली. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणून ओळखतात. वेलीची वाढ आवरायला ते वापरलं जायचं, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. इथे पास झालेला माल तिकडच्या ०.०५ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या मर्यादेत नापास झाला. निफाड-दिंडोरीत त्या वर्षी काय अवस्था झाली ती ज्यांच्या घरात बाग आहे त्यांनाच विचारा. पण पुढे काय झालं? 'आम्हाला बागाईत करू द्या, तपासणी मोठ्या संस्थांवर सोडा,' असं आपला शेतकरी म्हणाला नाही. आज पिंपळगावच्या पारावर बसलेला माणूस रेसिड्यू रिपोर्ट, पीएचआय (फवारणी ते काढणीतलं अंतर), एमआरएल (अवशेषांची कमाल मर्यादा) हे शब्द सहज बोलतो. निर्यातीच्या बागेची नोंद होते, प्लॉटमधून नमुना जातो, पेटीवरून प्लॉटपर्यंत माग काढता येतो. ज्या जिल्ह्यात लंडनच्या गिऱ्हाइकासाठी घडाघडाचा हिशेब ठेवला जातो, त्याच जिल्ह्यात सुरगाण्याच्या पोराच्या खोकल्याच्या बाटलीचा हिशेब कोण ठेवतं?

मोजायला काय काय आहे म्हणून सांगू! आपल्या घरातली वडीलधारी माणसं रक्तदाबाची, थायरॉइडची गोळी मोडून अर्धी घेतात. ती अर्धी खरोखर अर्धी असते का? युरोपच्या फार्माकोपियात रेघेवर मोडणाऱ्या गोळीची वेगळी चाचणी आहे: ३० अर्धुकं घेऊन प्रत्येकाचं वजन करा आणि सरासरीशी ताडा. याला लागतं काय? एक तराजू आणि एक चिकाटीचा विद्यार्थी. आता नाशिक रोडच्या पेन्शनरांनी बोटांनी मोडलेली, सुरीनं कापलेली, दातांनी तोडलेली अर्धुकं गोळा करून वजनं करा, बघा काय निघतं ते. मला स्वतःला याचं उत्तर हवंय, माझ्या आईसाठी. दुसरं, जनऔषधीच्या दुकानातली गोळी आणि ब्रँडची गोळी. 'स्वस्त आहे म्हणजे हलकीच असणार' असं गावातला कंपाउंडर सांगतो आणि लोक चौपट पैसे मोजतात. त्याच सहा भांड्यांत दोन्ही सोडा आणि आकडे नोटीस बोर्डावर लावा, मग ते कुणाच्याही बाजूनं येवोत. तिसरं, ऊन आणि पाऊस. गोळीचं आयुष्य ठरवताना आपल्याकडे ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरतात. मालेगावात एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या दुकानात पारा कुठे जातो, आणि इगतपुरीच्या पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतो तेव्हा उघड्या डब्यातल्या गोळ्यांचं काय होतं? लाइट गेल्यावर इन्सुलिनच्या फ्रिजचं काय होतं? तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं बाजारात सहज मिळतात. आणि सिंहस्थ तर उंबरठ्यावर आहे. साधुग्रामात तंबूतली औषध दुकानं भर पावसात उभी राहतील, तेव्हा यातला एक तरी आकडा आपल्या हातात असायला नको?

यावर एक रास्त आक्षेप येतो आणि तो मला एका सहकाऱ्यानं अगदी कळकळीनं सांगितला. कॉलेजाची यंत्रं कॅलिब्रेट केलेली नसतात, हात शिकाऊ, आणि उद्या एखाद्या मुलानं चुकून चांगल्या कंपनीची गोळी 'नापास' म्हणून जाहीर केली तर? कंपनीची नोटीस प्राचार्यांच्या टेबलावर येईल आणि प्राचार्य पहिला बळी त्या मास्तरांचा देतील. हे शंभर टक्के खरं आहे. कॉलेजाच्या अहवालाला कोर्टात कवडीची किंमत नाही, ती सरकारी विश्लेषकाच्या अहवालाला असते. पण औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यातलं २६ वं कलम आम्ही शिकवतो, ते कशासाठी? त्या कलमानं विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला द्यायचा आणि सहीचा अहवाल मिळवायचा हक्क कुठल्याही नागरिकाला दिला आहे. परीक्षेत त्यावर टीप लिहायला येते. आजवर त्या हक्कानं खरोखर अर्ज केलेला फार्मसीचा एकही माणूस मला भेटलेला नाही, आणि गेल्या वर्षापर्यंत त्यांत मीही होतो. कॉलेजानं चाळणी लावावी, शंका आली तर त्याच बॅचची दुसरी बाटली बिलासकट सरकारी विश्लेषकाकडे पाठवावी, आणि नाव जाहीर करायचं काम कायद्यानं ज्याचं आहे त्याच्यावर सोडावं. राहिला यंत्रांच्या कॅलिब्रेशनचा प्रश्न. ते नसेल तर त्या यंत्रांवर आपण आजवर पेटंटं कशाच्या जोरावर मागत होतो?

दुसऱ्या गटाचं म्हणणं वेगळं आहे आणि ते हुशारीचं आहे. ते म्हणतात, असली मोजमापं करत बसलात तर भारत कायम नकलाकार राहील. जगात मान नव्याला मिळतो. यातला अर्धा भाग मला पटतो. नायपरनं, मुंबईच्या आयसीटीसारख्या संस्थेनं, मोठ्या कंपन्यांनी नवे रेणू शोधावेतच, त्यांना त्यासाठीच पोसलंय. पण भारतीय औषध उद्योगाचा जो डंका आपण पिटतो तो कशावर उभा आहे? १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधावरचं पेटंट काढून फक्त प्रक्रियेवर ठेवलं आणि आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी तेच औषध दुसऱ्या वाटेनं बनवलं. २००१ मध्ये युसूफ हमीद यांच्या सिप्लानं एड्सची तीन औषधं मिळून दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली आणि आफ्रिकेतल्या उपचारांचं गणितच पालटलं. त्या गोळीत नवा रेणू होता का? तिची सगळी ताकद 'ही तीच आहे' या एका सिद्ध केलेल्या वाक्यात होती. जेनेरिकचा आख्खा धंदा सारखेपणा मोजून दाखवण्याचा आहे. आणि त्या धंद्याला माणसं पुरवणारी आमची कॉलेजं सारखेपणाला नाकं मुरडतात, 'यात नॉव्हेल्टी काय?' म्हणून सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, परत पाठवतात.

जाता जाता एक. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात, म्हसरूळला आहे. डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य, परिचारिका सगळे त्याच्या छत्राखाली. फार्मसी तेवढी तंत्रशिक्षणात, म्हणजे नाशिकच्या बहुतेक बी. फार्म.ची पदवी पुण्याहून आणि डिप्लोमा तंत्रशिक्षण मंडळाचा. औषध देणारा आणि औषध लिहिणारा एकाच गावात शिकतात आणि पहिल्यांदा भेटतात ते दुकानाच्या काउंटरवर, चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही म्हणून. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे; आमच्या मुलांना सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात सहज जाता आलं असतं तर त्यातून किती प्रकल्प निघाले असते! पण हा रडगाण्याचा विषय निराळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

मागणी माझी फार मोठी नाही. पेपरची सक्ती यूजीसीनं काढलीच आहे, तर विद्यापीठानं एक पाऊल पुढे टाकून सिनॉप्सिसच्या फॉर्ममधला 'नॉव्हेल्टी'चा रकाना ऐच्छिक करावा. नकारात्मक निकालाचा प्रबंध तितक्याच मानानं स्वीकारावा. शेवटच्या वर्षाला चार-पाच जणांच्या गटानं करायचा प्रकल्प असतो, त्यात दरवर्षी मागच्या बॅचचा एक प्रयोग पुन्हा करून पाहायला द्यावा. जमला तर उत्तम, नाही जमला तर त्याहून उत्तम. आणि एक्स्टर्नलनं वायवाला 'सगळी रीडिंग्ज इतकी छान कशी आली?' हा प्रश्न एकदा तरी विचारावा. मी विचारतो. मुलं आधी खूश होतात, मग गप्प होतात.

सातव्या सेमिस्टरच्या साखरांच्या प्रात्यक्षिकाला ग्लिसरीन आणि सिरपची जोड द्यावी, असं पत्र मी वरती पाठवून चार महिने झाले. उत्तर नाही. तोवर अभ्यासक्रमाबाहेरचा उपक्रम म्हणून प्राचार्यांनी तोंडी होकार दिला आहे. मुलांनी पंचवटी, सातपूर आणि पेठ इथल्या दुकानांतून चोवीस बाटल्या आणल्या. पहिल्या दिवशी दोघं बिल न घेताच आले, त्यांना परत पाठवलं. आता बिलांची फाइल वेगळी आहे, बाटल्यांवर नावाऐवजी कोड आहेत, आणि कोडाची वही माझ्याकडे कुलपात. वहीला पानांचे नंबर घातलेत. व्हाइटनरची बाटली मी प्रयोगशाळेतून घरी नेली.